नळाचे पाणी आणि एक नवी विद्या

आपल्या मुलामुलींनी अभियंता व्हावे, नाहीतर डॉक्टर व्हावे, ही आईबापांची इच्छा स्वाभाविक आहे. परंतु या दोन विद्यांच्या सीमेवर एक तिसरी विद्या उभी आहे. पाणी, वीज, रुग्णालये, दळणवळण या मूलभूत व्यवस्थांचे रक्षण आणि लोकांचे आरोग्य यांचा ती एकत्र विचार करते. अमेरिकेतील काही विद्यापीठे हा विषय पदव्युत्तर वर्गांस इंटरनेटद्वारा शिकवितात. नोकरी सांभाळून तो घरबसल्या शिकता येतो. त्याचे प्रयोजन काय, हे एका घटनेवरून कळेल.

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात वॉकरटन हे सुमारे पाच हजार वस्तीचे गाव आहे. मे २००० मध्ये तेथे जोराचा पाऊस झाला. जवळच्या शेतातील शेणखताचे पाणी झिरपून गावाच्या पाच नंबरच्या उथळ विहिरीत उतरले आणि ई-कोलाय जातीचे घातक जंतू नळांत आले. शेतकऱ्याने खत रीतसरच घातले होते. दोष त्याचा नव्हे. पाण्यात पुरेसे क्लोरीन असते तर जंतू मेले असते. पण क्लोरीन रोज मोजण्याऐवजी कर्मचारी नोंदवहीत मनाने आकडे मांडीत, आणि ही चाल वर्षानुवर्षांची होती. (आपल्याकडील काही नोंदवह्याही वाचकांस येथे आठवतील!) या माणसांस परवाने मिळाले होते ते परीक्षेविना, केवळ अनुभवाच्या जोरावर. आपण लिहितो त्या आकड्यावर कोणाचा जीव अवलंबून आहे, हे त्यांना कोणी नीट शिकविलेच नव्हते.

प्रयोगशाळेने १७ मे रोजी पाणी दूषित असल्याचे पाणीखात्यास कळविले. आरोग्यखात्यास कळविण्याचे कायदेशीर बंधन तिच्यावर नव्हते, म्हणून तिने कळविले नाही. मुलांना रक्ताची हगवण लागली, तेव्हा आरोग्यखात्याने विचारणा केली. पाणी चांगले आहे, असे उत्तर मिळाले. अखेर २१ मे रोजी त्या खात्याने आपल्याच जबाबदारीवर पाणी उकळून पिण्याचा इशारा दिला. सात माणसे दगावली, २,३०० हून अधिक आजारी पडली.

न्यायमूर्ती ओ'कॉनर यांच्या चौकशीचा अहवाल २००२ मध्ये आला. क्लोरीन व गढूळपणा सतत मोजणारी यंत्रे त्या विहिरीवर असती, तर साथ टळली असती, असा त्यांचा निष्कर्ष होता. पण यंत्राने इशारा दिल्यावर तो कोणी, कोणास, किती वेळात पोहोचवावयाचा, हे माणसांनीच ठरवावे लागते. आमच्या मते या विद्येचा गाभा येथेच आहे.

परदेशी विद्यापीठांचे शुल्क जड असते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आपत्ती व्यवस्थापनाचा पदव्युत्तर डिप्लोमा दूरशिक्षणाने चालवीत आले आहे, आणि त्यास कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. नगरपालिकेत, प्रयोगशाळेत वा रुग्णालयात नोकरी करणाऱ्या आपल्या तरुण सभासदांनी प्रथम तिकडे चौकशी करावी.