टोळी का सोडून जाते? छाटणीआधी एवढं करून ठेवा



गोडी बार छाटणी तोंडावर आली आहे. आज औषध-खताचा विषय नाही, मजुरांचा आहे. मागच्या हंगामात मला सगळ्यात जास्त फोन डाऊनी-भुरीसाठी आले नाहीत. "टोळी अर्ध्यात सोडून गेली, दुसरी मिळेल का?" यासाठी आले. त्या आठवड्यात माझ्याकडेही उत्तर नसतं, कारण सगळ्यांनाच टोळी हवी असते. उत्तर आत्ताच शोधून ठेवावं लागतं.

*🍇 आधी माझ्या घरची चूक सांगतो*

आमची अडीच एकर बाग. एकच टोळी चार वर्षं येत होती. तीन वर्षांपूर्वी हंगाम संपताना हिशेबात दोन हजेऱ्यांचा फरक निघाला. आमच्या वहीत ४१, मुकादमाच्या ४३. मी वही दाखवत सगळ्यांसमोर म्हणालो, "लिहिलेलं खोटं असतं का?" दोन हजेऱ्या कापल्या. वर राहिलेले पैसे व्यापाऱ्याचं पेमेंट आल्यावर, म्हणजे महिन्याने दिले.

पुढच्या वर्षी टोळी आलीच नाही. दुसरी टोळी उशिरा मिळाली, तिच्याकडे आमच्याआधी दोन बागा होत्या. ६-७ मिमी मण्याची डिप चार दिवस लांबली. मण्याची फुगवण कमी राहिली आणि माल खालच्या भावात गेला. कापलेल्या दोन हजेऱ्यांचे पैसे किती आणि भावात गेलेले किती, हे मी आजही मोजत नाही.

नंतर मुकादम काका बाजारात भेटले. म्हणाले, "भाऊ, पैशाचं काही नव्हतं. पोरीसोरींपुढं मला खोटं पाडलं."

त्यातून एक शिकलो. मजुरीचा दर आपल्या एकट्याच्या हातात नसतो, तो पंचक्रोशीत ठरतो. पण हिशेब, सलग काम, राहण्याची सोय आणि बोलणं हे चारही आपल्या हातात आहे. टोळी परत येते ती यावरच.

*🧮 टोळी गेली तर खर्च किती?*

समजा बाग ४ एकर. नव्या टोळीने एकरी ३ हजार जास्त मागितले, तर १२ हजार. आणायची गाडी ३ हजार. झाले १५ हजार. नवीन हातांनी मोडलेल्या काड्या आणि हुकलेली डिप यात धरलेली नाही. हे आकडे उदाहरणाचे आहेत, आपले टाकून बघा. मग पत्र्याची खोली नीट करायला लागणारा खर्च जड वाटणार नाही.

*✅ १. हजेरी दोन वह्यांत*

एक वही आपली, एक मुकादमाची. रोज संध्याकाळी पाच मिनिटं बसून दोन्ही जुळवा आणि एकमेकांच्या वहीत सही किंवा अंगठा घ्या. अर्धा दिवस, पावसाची सुट्टी, घेतलेली उचल, सगळं त्याच दिवशी लिहा. तीन महिन्यांनी कुणालाच आठवत नाही. उक्तं काम असेल तर किती एकर, कोणती कामं, फेलफुटी आणि शेंडा त्यात धरला का, हे सुरुवातीलाच लिहून घ्या. बहुतेक भांडणं "हे ठेक्यात होतं की नव्हतं" यावरूनच होतात.

*✅ २. पैसे अडकवून माणूस थांबत नाही*

"शेवटचे पैसे ठेवले की टोळी परत येते" असं आपल्याकडे म्हणतात. पैसे न्यायला ती येते, पण कामाला दुसरीकडे जाते. खर्ची दर आठवड्याला, बाजाराच्या आदल्या दिवशी द्या. उचल एकदम कापू नका, हप्त्याने कापा. शेवटचा हिशेब टोळी गाडीत बसायच्या आधी करा. पैसे खरंच नसतील तर तारीख आधी सांगा आणि ती पाळा. बाई आणि गडी एकच काम करत असतील तर मजुरी एकच द्या, कायदाही तेच सांगतो.

*✅ ३. त्यांच्या घरच्या तारखा विचारा*

पेठ, सुरगाणा, हरसूल भागातून येणाऱ्या बऱ्याच कुटुंबांची घरी भात-नागली असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे कापणी असते. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव असतो आणि होळीला तर घरी जायचंच असतं. आपण म्हणतो "पळून गेले", पण ते आपलं पीक काढायला गेलेले असतात. करार करतानाच विचारा: किती जण, कधी, किती दिवस जाणार? निम्मे आधी आणि निम्मे नंतर असं ठरवता येतं. ३-४ मिमी आणि ६-७ मिमीच्या डिपचे अंदाजे दिवस मुकादमाला छाटणीच्या दिवशीच सांगून ठेवा.

*✅ ४. काम सलग द्या*

टोळी सोडून जायचं मोठं कारण म्हणजे रिकामे दिवस. चार दिवस काम नाही म्हणजे मजुरी नाही, पण पोट तर आहेच. एकट्या शेतकऱ्याला सलग काम देता येत नाही. शेजारच्या तीन-चार बागांनी छाटणी ५-६ दिवसांच्या अंतराने घेतली, तर तीच टोळी गावातच एका बागेतून दुसरीत फिरते. त्यासाठी खालचं काम सगळ्यांनी करा.

*✅ ५. राहणं आणि सुरक्षा*

गळत नसलेलं छप्पर, पिण्याचं पाणी, लाईट, बायकांसाठी आडोशाची न्हाणी आणि संडास. ही मेहेरबानी नाही. निर्यातीच्या बागेत ग्लोबल गॅपच्या तपासणीलाही हात धुण्याची सोय, प्रथमोपचार पेटी आणि हातमोजे बघतात. १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावू नका, तो गुन्हा आहे.

⚠️ पेस्ट लावताना रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. हायड्रोजन सायनामाईड आणि दारू एकत्र आली की जिवावर बेतू शकतं. पेस्टच्या आधी, त्या दिवशी आणि नंतरचे काही दिवस दारू अजिबात नको. हे मुकादमामार्फत सांगू नका, प्रत्येकाला स्वतः सांगा.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना: वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, बँक खातं हवं. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख. मुदत १ जून ते ३१ मे. ज्यांचा हप्ता गेलेला नाही त्यांना बँकेत घेऊन जा आणि २० रुपये आपण भरा.

*✅ ६. पहिला दिवस आणि बोलणं*

टोळीत दरवर्षी दोन-चार हात नवीन असतात. पहिल्या दिवशी दोन वेली स्वतः छाटून दाखवा: किती डोळे ठेवायचे, कोणती काडी काढायची. न सांगता चुकलं तर चूक आपली. आणि बोलायचंच असेल तर मुकादमाला बाजूला घेऊन बोला, चारचौघांत नाही. हे मी पैसे मोजून शिकलो आहे.

*📌 या आठवड्यात तीन कामं*

१) आपल्या छाटणीची अंदाजे तारीख, एकर आणि वाण ग्रुपवर टाका. रविवारी गावनिहाय यादी करून पाठवतो, म्हणजे शेजाऱ्यांना टोळी वाटून घेता येईल.
२) मुकादमाला फोन करा. मागच्या वर्षीचं काही बाकी असेल तर ते आधी द्या, मग नवीन बोला.
३) दोन वह्या विकत आणा.

माझ्या बाबांनी गेल्या वर्षी त्या दोन हजेऱ्यांचे पैसे घेऊन मुकादम काकांचं घर गाठलं. काका पैसे घेईनात, मग चहा झाला, मग घेतले. यंदा आमची छाटणी त्यांच्याच टोळीकडे आहे.

काही अडचण असेल तर सकाळी ९ ते ११ फोन करा.

आपला,
कृषी सल्लागार 🌱