अँप बंद केल्यावरचे ४०० व्होल्ट

इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनचा अँप घरी बांधायचा असेल, तर आरसीसीबीच्या (करंटची गळती दिसताच वीज तोडणाऱ्या स्विचच्या) भरवशावर झाकण उघडू नका. आमच्या करोल बागेतल्या जुन्या इमारतींत आरसीसीबी बसवला की लोक निर्धास्त होतात. घराच्या वायरिंगसाठी तो हवाच. पण ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे काय चाललंय ते त्याला कळतच नाही. तिथे प्लस ४०० आणि मायनस ४०० असतात. दोन्हींना एकदम हात लागला तर अंगावर ८०० व्होल्ट येतात, आणि आरसीसीबी जागचा हलत नाही. म्हणून मीटरही १००० व्होल्टचा घ्या, प्रोबसकट.

प्लग काढला तरी घाई नको. ४०० व्होल्टला भरलेल्या ४७० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३८ ज्यूल शिल्लक असतात. माणसाचा जीव जायला तेवढे पुरतात. मी प्रत्येक कपॅसिटरवर १०० किलोओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टर कायमचा लावतो. चारेक मिनिटांत व्होल्टेज उतरतं. रेझिस्टरही तुटलेला असू शकतो, त्यामुळे मीटर लावून खात्री केल्याशिवाय मी आत हात घालत नाही.

मीटरचं ऐकतानाही डोकं वापरावं लागतं. विट्याहून येऊन इथे सोन्याची गलाई करणाऱ्या एका घरातला मुलगा माझ्याकडे अँप घेऊन आला. स्टॅक्सच्या प्रो हेडफोनमधल्या पडद्याला ५८० व्होल्टचा बायस, म्हणजे कायमचा डीसी व्होल्टेज, लागतो. आधी कुणीतरी तो सॉकेटच्या पिनेवर मोजला होता, ३९५ दिसले म्हणून प्रीसेट फिरवत ५८० वर आणला होता. हेडफोनची डावी बाजू तडतडत होती. झालं होतं असं की बायसच्या वाटेत ४.७ मेगोहमचा रेझिस्टर असतो आणि साधा मीटर स्वतःच १० मेगोहमचा. मीटर लावताच व्होल्टेज त्या दोघांत वाटलं जातं. म्हणजे आधीचे ३९५ हेच खरे ५८० होते, आणि मीटर काढल्यावर पडद्यावर साडेआठशेच्या आसपास जात होते. इतक्या ओढीने पडदा जाळीला चिकटतो, ठिणगी पडते. बायस मोजायचा तो रेझिस्टरच्या अलीकडे, तिथे मीटरचा भार जाणवत नाही.

सुटे भाग घेताना पाव वॅटच्या रेझिस्टरचे व्होल्टही विचारा. साधारण २५० च्या वर तो टिकत नाही, वॅट कितीही कमी लागोत; तेव्हा तीन-चार सिरीजमध्ये जोडा. आणि झाकण उघडं असताना घरात कुणीतरी असू द्या, ज्याला मेन स्विच कुठे आहे ते ठाऊक आहे.