अपुऱ्या दिवसांचें बाळ व त्याचा मेंदू

मनुष्याचें अपत्य मातेच्या उदरांत सुमारें ४० आठवडे वाढतें. ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वीं जें जन्मतें, त्यास अपुऱ्या दिवसांचें बाळ म्हणतात. ३२ आठवड्यांपूर्वींचें बाळ तर फारच अपुऱ्या दिवसांचें होय. अशा बाळाचें केवळ वजन कमी असतें, ही समजूत पुरती खरी नव्हे. त्याचा मेंदूही अर्धवट घडलेल्या स्थितींत जगांत येतो.

चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास मेंदूचा पृष्ठभाग बहुतेक गुळगुळीत असतो. त्यावरील घड्या मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत पडतात. चौतिसाव्या आठवड्यांतही मेंदूचें वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या सुमारें दोनतृतीयांशच असतें. लोह व चुना यांचा साठाही बाळ बव्हंशीं याच काळांत मातेकडून घेतें. उदरांतील हें उरलेलें कार्य त्यास बाहेर, उजेडांत व गलबल्यांत, पुरें करावें लागतें.

मग त्यास साहाय्य कसें करावें? पॅरिस येथें तार्निये या वैद्यानें १८८० च्या सुमारास उबेची पेटी प्रचारांत आणिली. पुढें १९७८ सालीं कोलंबिया देशांतील बोगोटा शहरीं, पेट्या अपुऱ्या पडत असतां, डॉक्टर एद्गार रेय यांनीं बाळास मातेच्या उघड्या छातीशीं बांधून ठेवण्याची रीत सुरू केली. कांगारू आपलें पिलूं पिशवींत वागवितें, त्यावरून या रीतीस नांव पडलें. ऊब, मातेचें दूध व तिचा सहवास, तिन्ही एकदम लाभतात. भारतासह पांच देशांत झालेल्या व २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, एक किलोपासून १.८ किलोच्या आंतील वजनाच्या बाळांस जन्मतांच ही शुश्रूषा मिळाल्यानें पहिल्या २८ दिवसांतील मृत्यु सुमारें एकचतुर्थांशानें घटले.

आतां एक हिशेब. अठ्ठाविसाव्या आठवड्यांत जन्मलेलें बाळ बारा आठवडे आधीं आलें. तें सहा महिन्यांचें झालें तरी वाढ मोजतांना त्याचें वय सुमारें तीनच महिने धरावें. असें दोन वर्षांपर्यंत धरितात. या वयासही न शोभणारी दिरंगाई दिसली, तर मात्र वैद्यास दाखवावें. दृष्टि व श्रवण यांची तपासणी तर चुकवूंच नये.

विद्यार्थिमित्रहो, “शेजारचें मूल बसूं लागलें, हें अजून कां नाहीं?” हा प्रश्न कोणी त्या मातेस विचारूं लागला, तर हा हिशेब त्यास समजावून सांगा. ती माउली निष्कारण बोलापासून वांचेल, आणि बाळास आपला वेळ मिळेल.