मोडलेला पाय पुन्हा चालता व्हावा म्हणून

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आसपासचा परिसर भूकंपाने हादरला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जन आटोपून गावकरी उशिरा झोपी गेले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड माती झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, या जिल्ह्यांत शासकीय नोंदीप्रमाणे ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे १६,००० जखमी झाली.

भूकंपात ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्यांमध्ये हातापायांच्या व मणक्याच्या दुखापती मोठ्या प्रमाणावर आढळतात. अशा जखमीचे प्राण वाचतात, हाडही जुळते. परंतु तो पुन्हा शेतात उभा राहील की नाही, हे पुढच्या काही महिन्यांत ठरते. हाड जुळणे हा उपचाराचा पूर्वार्ध होय. पाय पुन्हा कामाचा होणे हा उत्तरार्ध, आणि तो भौतिकोपचाराच्या, म्हणजेच फिजिओथेरपीच्या, कक्षेत येतो.

मोठा भूकंप क्वचित होतो, परंतु पायाला दुखापत होण्याचे प्रसंग मराठवाड्यात रोजचे आहेत. पावसाळ्यात काळ्या मातीत पाय घसरतो, मळणी यंत्राजवळ अपघात होतो, रस्त्यावर दुचाकी उलटते. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील बहुसंख्य कुटुंबांची उपजीविका शेतीवर आहे. ज्याचा पाय अधू झाला, त्याची मजुरी बुडते. म्हणून या उपचाराची माहिती प्रत्येक कुटुंबाला असणे आवश्यक आहे.

शास्त्राची वाटचाल

पहिल्या व दुसऱ्या महायुद्धांतील जखमी सैनिकांना पुन्हा हिंडते-फिरते करण्याच्या गरजेतून हे शास्त्र जगभर वाढीस लागले. आपल्या देशात त्याच्या रीतसर शिक्षणाचा प्रारंभ १९५३ च्या सुमारास मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात झाला. त्या काळी बालकांना पंगू करणाऱ्या पोलिओच्या साथीने ही गरज तीव्रतेने जाणवून दिली होती. आज लातूर येथेही भौतिकोपचाराचे पदवी शिक्षण देणारे महाविद्यालय आहे.

पहिले काही तास

पाय मुरगळला की तेल लावून जोराने चोळण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. दुखापत ताजी असताना चोळल्याने आतील रक्तस्राव व सूज वाढते. त्याऐवजी पायास विश्रांती द्यावी, तो उशीवर हृदयाच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा, लवचीक पट्टी हलक्या हाताने बांधावी आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा ते पंधरा मिनिटे लावावा. बर्फ उघड्या त्वचेवर ठेवू नये.

घोटा नुसता मुरगळला की हाड मोडले, हा प्रश्न नेहमी पडतो. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये त्यासाठी सोपी कसोटी मांडली. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या टोकाशी किंवा मागच्या कडेला दाबल्यावर हाड दुखत असेल, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर क्ष-किरण तपासणी करावी. हाड मोडल्याचा संशय असेल तेव्हा हाडवैद्याकडून बांबूच्या कामट्या आवळून बांधून घेणे धोक्याचे आहे. आवळलेल्या पट्टीखाली रक्तपुरवठा तुटून पाय गमावण्याची वेळ येते.

उपचारापूर्वी तपासणी

समजा, मुखेड तालुक्यातील एका शेतमजूर स्त्रीच्या नडगीचे हाड मोडले आणि काही आठवड्यांनी तिचे प्लास्टर निघाले. हाड जुळल्याचे छायाचित्रात दिसते, परंतु पाय काडीसारखा झाला आहे, गुडघा वाकत नाही आणि टाच टेकवण्याची भीती वाटते. अशा वेळी भौतिकोपचारतज्ज्ञ थेट व्यायामाला आरंभ करीत नाही. प्रथम तो विचारपूस करतो. दुखापत कशी झाली, वेदना केव्हा वाढते आणि घरी व शेतात कोणती कामे करावी लागतात, हे तो जाणून घेतो. हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. शहरातील कारकुनाला खुर्चीवर बसता आले तरी पुष्कळ झाले. खुरपणी करणाऱ्या स्त्रीला उकिडवे बसता आले पाहिजे.

त्यानंतर प्रत्यक्ष मोजमाप होते. सूज, व्रण व त्वचेचा रंग पाहिला जातो. कोनमापकाने गुडघा व घोटा किती वाकतो, याची नोंद होते. निरोगी गुडघा सुमारे १३५ अंशांपर्यंत वाकतो. दोन्ही मांड्यांचा घेर गुडघ्याच्या वाटीपासून सारख्याच अंतरावर टेपने मोजतात. त्यावरून स्नायू किती झडले, ते कळते. स्नायूंच्या शक्तीला शून्य ते पाच असे गुण देतात. हालचालीचा मागमूस नसेल तर शून्य, पाय गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलता आला तर तीन, आणि पूर्ण विरोधाला तोंड देता आले तर पाच. पायांची लांबी, पावलावरील नाडी व बोटांची संवेदना यांचीही पाहणी होते. अखेरीस रुग्ण चालतो कसा, हे पाहिले जाते. दर आठवड्याला हीच मोजमापे पुन्हा घेतली की प्रगती झाली की नाही, हे अंदाजावर सोडावे लागत नाही.

उपचाराच्या पायऱ्या

पहिली पायरी प्लास्टर असतानाच सुरू होते. पायाची बोटे वारंवार हलवावीत. डॉक्टरांच्या अनुमतीने गुडघा खाली दाबून मांडीचा स्नायू पाच ते दहा सेकंद ताठ धरावा आणि सैल सोडावा. सांधा न हलवताही स्नायू जागा राहतो, हे या व्यायामाचे मर्म आहे.

दुसरी पायरी हालचालीची. प्लास्टर निघाल्यावर पाठीवर झोपून टाच अंथरुणावरून सरकवत गुडघा हळूहळू वाकवावा. गुडघा सरळ ठेवून पाय वीतभर उचलावा. गुडघा बळेच वाकवून घेणे मात्र अनिष्ट आहे. थोडा ताण जाणवणे स्वाभाविक असले, तरी दुसऱ्या दिवशी सूज वाढली असल्यास व्यायाम अधिक झाला, असे समजावे.

तिसरी पायरी भार घेण्याची. पायावर किती भार द्यावा, हे अस्थिरोगतज्ज्ञ ठरवितात. आरंभी कुबड्या, पुढे काठी, असा क्रम असतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. अनेकजण ती चुकून दुखऱ्या बाजूलाच धरतात. पायऱ्या चढताना आधी चांगला पाय वर टाकावा, उतरताना आधी दुखरा पाय खाली टाकावा.

चौथी पायरी तोल व कामाची. भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभे राहणे, खुर्चीवरून हातांच्या मदतीविना उठणे, ओबडधोबड जमिनीवर चालणे आणि शेवटी मांडी घालणे व उकिडवे बसणे, असा हा क्रम आहे. नडगीचे हाड जुळण्यास साधारण तीन ते चार महिने, कधी त्याहून अधिक काळ लागतो. त्यापूर्वी डोक्यावर ओझे घेऊन बांधावरून चालण्याची घाई करू नये.

धोक्याच्या खुणा

प्लास्टरमधील बोटे थंड, निळसर किंवा बधिर झाली, वेदना औषधानेही न थांबता वाढत गेली, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असते. त्याबरोबर धाप लागणे हे गंभीर लक्षण आहे. ढिगाऱ्याखाली पाय बराच वेळ चिरडला गेला असेल, तर जखम लहान दिसली तरी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. लंडनवरील बाँबवर्षावातील जखमींच्या अभ्यासातून १९४१ मध्ये डॉक्टरांनी ही गोष्ट निदर्शनास आणली. अशा जखमीवर तातडीने रुग्णालयीन उपचार व्हावे लागतात.

उत्तरार्ध विसरू नये

नांदेड येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व लातूर येथे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. तथापि, दूरच्या वाडीतांड्यावरील रुग्णास दररोज शहरात येणे परवडत नाही. त्याने निदान घरी जाण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: कोणता व्यायाम दिवसातून किती वेळा करावयाचा, पायावर भार केव्हा व किती द्यावयाचा, आणि पुन्हा मोजमापासाठी केव्हा यावयाचे. घरातील एका व्यक्तीने हे व्यायाम रुग्णालयातच पाहून घेतले, तर घरी चुका होत नाहीत.

या उपचारास महागडी यंत्रे लागतातच असे नाही. गुंडाळलेला टॉवेल, एक खुर्ची, एक भक्कम काठी आणि रोज ठरलेल्या वेळी अर्धा तास, एवढ्यावर पुष्कळ काम होते. प्लास्टर निघाले की बरे झालो, असे मानून जो थांबतो, त्याचा गुडघा जन्मभर आखडून राहण्याचा संभव असतो. जो त्यापुढचे काही महिने चिकाटीने व्यायाम करतो, त्याला पुन्हा आपल्या पायांनी शेताची वाट धरण्याची उमेद बाळगता येते.