मांडीतले बळ सांभाळा

अमरावतीच्या राजापेठ चौकात ऑटोत चढणारी वयस्कर मंडळी जरा निरखून बघा. एक हात दांडीवर, दुसरा शेजारच्याच्या खांद्यावर, आणि मग दम धरून अंग वर ओढायचे. विचारले तर उत्तर ठरलेले, "गुडघे गेले, बाप्पा!" गुडघ्याचे दुखणे खरेच असते, पण त्याच्या वरची मांडी आटली आहे, हे फारसे कोणी बघत नाही.

तिशीनंतर स्नायू झिजायला लागतात. दर दहा वर्षांत साधारण 3 ते 8 टक्के, आणि साठीनंतर त्याहून वेगाने. ताकद तर स्नायूंहूनही वेगाने ओसरते. आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकी संशोधकाने 1989 मध्ये या झिजेला 'सार्कोपेनिया' हे नाव दिले. वयाचा भाग म्हणून ती सोडून देऊ नका, तिच्यावर इलाज आहे. आयुष्यभर व्यायाम शिकवताना जे पटले, ते साठी गाठलेल्यांना सांगतो.

पहिला कानमंत्र : आधी परीक्षा घ्या.
बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर बांधा आणि पाच वेळा पूर्ण उभे राहून बसा. जवळ कोणीतरी असू द्या. 12 सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर सावध व्हा. आशियाई तज्ज्ञांनी 2019 मध्ये हीच मर्यादा ठरवली आहे. मुठीची पकड पुरुषांची 28 किलोच्या आणि बायकांची 18 किलोच्या खाली गेली, तर तीही धोक्याची खूण.

दुसरा कानमंत्र : नुसत्या फिरण्यावर विसंबू नका.
सकाळचे फिरणे हृदयासाठी, साखरेसाठी उत्तम. ते सोडू नका. पण वयानुसार आधी बारीक होतात ते झटक्यात जोर लावणारे तंतू. ठेच लागल्यावर तोल सावरतात तेच. त्यांना जागे करायला भार लागतो. म्हणून खुर्चीवरच्या बैठका मारा. पाय खांद्याइतके फाकवा, टाचा किंचित मागे घ्या, अंग पुढे झुकवा, श्वास सोडत उठा. बसताना धपकन बसू नका. मनात चार अंक मोजत खाली या, खरी कमाई त्या उतरण्यात आहे. आठ-दहा बैठकांच्या दोन-तीन फेऱ्या, एक दिवसाआड. सोपे वाटू लागले की पिशवीत दोन किलो डाळ भरा आणि ती छातीशी धरून उठा. जोडीला भिंतीवरचे जोर. उन्हाळ्यात पारा 45 कडे गेला की आपल्याकडे फिरणे बंद पडते, घरातली खुर्ची मात्र बारमाही असते.

तिसरा कानमंत्र : 'आता काय वय राहिले' हे वाक्य टाकून द्या.
1990 मध्ये मारिया फियाटारोन यांनी बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या मंडळींकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलून घेतले. पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, मांडीचा स्नायू 9 टक्क्यांनी भरला. नव्वदीत जमले, तर पासष्टीत सबब कशाला?

चौथा कानमंत्र : वरण घट्ट करा.
पातळ वरणाची वाटी म्हणजे बहुतेक पाणीच. वयस्कर माणसाला दर किलो वजनामागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने हवीत. साठ किलोच्या माणसाला दिवसाला 60 ते 72 ग्रॅम. 30 ग्रॅम कोरड्या तुरीच्या डाळीत जेमतेम सहा-सात ग्रॅम मिळतात. म्हणून सकाळी मूग किंवा अंडे, दुपारी घट्ट वरण आणि दही, रात्री भाकरीसोबत चून, वर दूध, अशी तिन्ही वेळांत वाटणी करा. सोयाबीन आपल्या वऱ्हाडात पिकते, ते कणकेत थोडे दळून घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पाचवा कानमंत्र : अंथरूण लवकर सोडा.
2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धडधाकट वृद्धांना दहा दिवस पलंगावर ठेवले. पायांचा जवळजवळ एक किलो स्नायू गेला. ताप उतरला, डॉक्टरांनी हो म्हटले, की घरच्यांनी म्हाताऱ्याला हाताला धरून उठवावे. सगळे हातात आणून देणे ही माया त्याला महागात पडते.

सहावा कानमंत्र : वजनकाट्याला फसू नका.
पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, 22.3. पण याज्ञिकांच्या अंगात चरबी 21.2 टक्के आणि युडकिनांच्या 9.1 टक्के निघाली. 2004 मध्ये 'लॅन्सेट'ने ही जोडी छापली. बारीक दिसणाऱ्या भारतीय अंगातही स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते. म्हणून वजन स्थिर आहे एवढ्यावर समाधान मानू नका.

छातीत दुखत असेल, रक्तदाब आवाक्यात नसेल किंवा सांधा बदलला असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरुवात करा. जोर लावताना श्वास कोंडू नका.

वैद्य बंधूंनी 1914 मध्ये आपल्या अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले आणि 1936 मध्ये तिथली मंडळी बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आली. जोर-बैठकांचा वारसा असलेल्या या गावात म्हातारपणी उठायला दुसऱ्याचा खांदा लागू नये. आजच खुर्ची भिंतीला लावा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सोबत घ्या.