घटक ६ : बोलीच्या क्षेत्रकार्यासाठी हलक्या लॅपटॉपची निवड

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
• क्षेत्रकार्याच्या गरजांवरून लॅपटॉपचे निकष ठरवता येतील.
• ध्वनिमुद्रणाला लागणारी साठवण आणि बॅटरी यांचा हिशेब मांडता येईल.
• देवनागरी लेखनासाठी यंत्राची परीक्षा घेता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, भाषाविज्ञानाच्या अभ्यासक्रमात लॅपटॉपचा विषय कशाला, असा प्रश्न तुम्हाला पडेल. त्याचे उत्तर इतिहासात आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्या सर्वेक्षणाच्या कक्षेत हैदराबाद संस्थान नव्हते आणि बीड जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. परळी तालुक्यातील सिरसाळ्यासारख्या गावांची बोली त्यामुळे त्या नोंदीबाहेर राहिली. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या ओव्यांचे मोठे संकलन झाले. त्यासाठी १९९६ साली शेजारच्या माजलगावातही ध्वनिमुद्रण झाले. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले. तरीही प्रत्येक गावातील प्रत्येक म्हातारीपर्यंत कोणतीही संस्था पोहोचू शकत नाही. तुम्ही पोहोचू शकता. म्हणून तुमच्या पाठीवरच्या पिशवीत काय असावे, हा अभ्यासाचाच प्रश्न ठरतो.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ काम आधी, यंत्र नंतर

सिरसाळा हे आपले उदाहरण समजू. या परिसरातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. ‘उचल’, ‘कोयता’, ‘टोळी’, ‘मोळी’ हे शब्द त्यांच्या तोंडून, वापराच्या संदर्भासह टिपायचे, तर क्षेत्रकार्य उन्हाळ्यातच करावे लागते. परळीहून एस.टी.ने जायचे, वस्तीपर्यंत पायी चालायचे, ओसरीवर किंवा झाडाखाली बसायचे आणि वीज असेलच असे धरून चालायचे नाही. या चार गोष्टी मनाशी धरल्या की निकष आपोआप स्पष्ट होतात.

६.३.२ वजन

१.२ ते १.४ किलो वजनाचा, १३ किंवा १४ इंची पडद्याचा लॅपटॉप पुरेसा आहे. तुलना करताना चार्जरचे वजन त्यात मिळवावे. अनेक जण ते विसरतात. यूएसबी-सी प्रकाराच्या चार्जरवर मोबाइलही भारित होत असेल, तर एक ओझे कमी होते. एस.टी.तील हादरे लक्षात घेता फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क टाळून एसएसडी घ्यावी. तिच्यात हलणारे भाग नसतात.

६.३.३ बॅटरी आणि साठवण

बॅटरीची क्षमता वॅट-तासांत दिलेली असते. ५० वॅट-तासांची बॅटरी आणि सरासरी ८ वॅटचा वापर असेल, तर सुमारे ६ तास काम होते. उन्हात किंवा बंद गाडीत लॅपटॉप ठेवू नये. उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते.

ध्वनिमुद्रण सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट, एक वाहिनी, असे असंपीडित डब्ल्यूएव्ही स्वरूपात केले, तर तासाला सुमारे ३१८ एमबी जागा लागते. चाळीस तासांचे संकलन १३ जीबीच्या आत बसते. म्हणून २५६ जीबीची एसएसडी चालेल, ५१२ जीबीची निर्धास्त ठेवील. रॅम किमान ८ जीबी असावी; पुढे वाढवता येत नसेल, तर १६ जीबी घ्यावी.

लॅपटॉपच्या पंख्याची घरघर मुद्रणात उतरते. ध्वनिमुद्रक किंवा मोबाइल निवेदकाजवळ ठेवावा आणि लॅपटॉप दूर ठेवावा.

६.३.४ आज्ञावली

ध्वनीच्या विश्लेषणासाठी प्रात, प्रतिलेखनासाठी एलान, संपादनासाठी ऑडॅसिटी आणि लेखनासाठी लिबरऑफिस या चारही आज्ञावली विनामूल्य मिळतात. त्या विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतात. केवळ ब्राउझरवर भिस्त असलेले स्वस्त यंत्र घेण्यापूर्वी या चौघी त्यावर चालतात का, हे पाहावे. महागड्या ग्राफिक्स कार्डाची येथे गरज नाही. त्याने वजन, उष्णता आणि किंमत मात्र वाढते.

६.३.५ देवनागरीची कसोटी

माझ्या संशोधनाच्या काळातील प्रतिलेखने मी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित केली होती. काही वर्षांनी नव्या संगणकावर त्या फाइली उघडल्या, तेव्हा पडद्यावर निरर्थक चिन्हांच्या ओळी दिसल्या. तोवर त्यांतील दोन निवेदक हयात नव्हते. हा दोष यंत्राचा नव्हता, माझ्या निवडीचा होता.

म्हणून दुकानातच युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कळफलक सुरू करून ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द लिहून पाहा. पहिला समुद्र, दुसरा डोंगरांमधला. हा भेद टंकता आणि जपता येत नसेल, तर बोलीतील सूक्ष्म भेद त्या व्यवस्थेत कसे टिकणार?

६.४ समारोप

वजन, बॅटरी, साठवण, आज्ञावली आणि देवनागरी या क्रमाने निवड करा. निवेदकाची संमती घेतल्याशिवाय मुद्रण सुरू करू नका आणि मुक्काम सोडण्यापूर्वी प्रत्येक फाइलची दुसरी प्रत वेगळ्या साधनावर करा. लॅपटॉप पुन्हा विकत घेता येतो. सांगून गेलेली आजी पुन्हा सांगायला येत नाही.

६.५ सरावासाठी प्रश्न

१. दोन वाहिन्यांचे मुद्रण केल्यास दहा तासांना किती जागा लागेल?
२. तुमच्या गावातील क्षेत्रकार्याचा हंगाम कोणता? त्यावरून लॅपटॉपचे तीन निकष लिहा.