खूण ठेवणारा पाहुणा

प्रस्तावना
सजीवांचे गुणधर्म जनुकांमुळे ठरतात, हे आपण जाणतो. परंतु हजारो जनुकांमधून कोणते जनुक कोणते काम करते, हे ओळखायचे कसे? या प्रश्नाचे एक उत्तर मक्याच्या ठिपकेदार दाण्यांतून मिळाले. त्या शोधाची ओळख या पाठात करून दिली आहे.

पाठ
एका जुन्या इमारतीच्या भिंतींतून विजेच्या शेकडो तारा गेल्या आहेत आणि त्यांचा नकाशा कोणापाशीच नाही, अशी कल्पना करा. एक तार तुटली की एक दिवा विझेल; पण भिंतीआड ती नेमकी कोठे तुटली, हे कसे कळणार? तुटलेल्या जागी लाल चिंधी बांधलेली असेल, तरच ती जागा सापडेल. जनुकांच्या शोधातही हीच अडचण होती. जनुक बिघडल्याचा परिणाम रोपावर दिसे. बिघाडाची जागा मात्र दिसत नसे.

अशी चिंधी निसर्गातच होती. अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे बार्बरा मॅक्लिंटॉक १९४०च्या दशकात मक्याच्या दाण्यांवरील रंगांचा अभ्यास करीत होत्या. गुणसूत्रांवरील काही घटक आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतात, असे त्यांना आढळले. असा घटक रंगाच्या जनुकात शिरला की रंग तयार होत नाही. दाणा वाढत असताना एखाद्या पेशीतील जनुकातून तो निघून गेला, की त्या पेशीच्या वंशात रंग परततो. तोच दाण्यावरचा ठिपका. जनुके माळेतील मण्यांप्रमाणे स्थिर असतात, अशी तेव्हाची समजूत होती. त्यामुळे या शोधाचे महत्त्व बराच काळ फारसे कोणाला पटले नाही. पुढे जीवाणूंत आणि माश्यांतही असे घटक सापडले. १९८३ साली, वयाच्या ८१व्या वर्षी, मॅक्लिंटॉक यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच सुमारास या फिरत्या घटकांचा उपयोग जनुके शोधण्यासाठी होऊ लागला. नीना फेडोरॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ॲक्टिव्हेटर' हा घटक प्रथम वेगळा केला. डीएनएचा एक धागा आपल्या जोडीच्या धाग्यालाच चिकटतो. म्हणून या घटकाचा खूण लावलेला तुकडा मक्याच्या डीएनएच्या तुकड्यांत सोडला, की तो आपल्यासारखाच तुकडा शोधून काढतो. त्या तुकड्याला लागून असलेला भाग म्हणजेच बिघडलेले जनुक! या रीतीने १९८४ साली दाण्याच्या रंगाशी संबंधित 'ब्राँझ' हे जनुक हाती आले.

ही रीत सोपी नव्हती. घटक हव्या त्या जनुकात शिरेल, याची शाश्वती नसते. त्यासाठी हजारो रोपे तपासावी लागतात. शिवाय एकाच रोपात त्या घटकाच्या अनेक प्रती असतात. त्यांपैकी खरी दोषी कोणती? जी प्रत पिढ्यान्‌पिढ्या त्या बिघाडासोबतच आढळते आणि जी निघून जाताच गुण परततो, ती.

या परिश्रमांचे फळ शेतीलाही मोलाचे ठरले. १९९२ साली मक्यातील 'एचएम-१' हे रोगप्रतिकारक जनुक याच पद्धतीने वेगळे करण्यात आले. एका बुरशीचे विष निष्प्रभ करणारे विकर या जनुकामुळे तयार होते.

२००९ साली मक्याची संपूर्ण जनुकीय माहिती प्रसिद्ध झाली. तिचा सुमारे ८५ टक्के भाग अशाच घटकांचा असल्याचे दिसले. आता जनुकांची यादी हाती असली, तरी प्रत्येकाचे कार्य समजलेले नाही. ते जाणण्यासाठी आजही या घटकांनी बिघडवलेली रोपे उपयोगी पडतात. जे कार्य सुरळीत चालते ते सहसा नजरेआड राहते. ते थांबले, म्हणजे त्यामागचा कर्ता दिसू लागतो.

शब्दार्थ
शाश्वती – खात्री. निष्प्रभ – प्रभाव नसलेले. विकर – शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन.

स्वाध्याय
१. मक्याच्या दाण्यावर ठिपका कसा तयार होतो?
२. पाठातील 'लाल चिंधी' कशाचे प्रतीक आहे?
३. घटकाच्या अनेक प्रतींमधून खरी दोषी प्रत कशी ओळखतात, ते तुमच्या शब्दांत लिहा.